पेजमेकर की इनडिझाइन? आधी दुरुस्ती सोसेल असं पान बांधायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा पास, वर्डमध्ये अर्ज-पत्रं जमतात, नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात काम मिळण्यासारखं आहे. तिथे विचारलं, ‘डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावणं) येतं का?’ आता पेजमेकर शिकावं, कोरल शिकावं की इनडिझाइन, सुरुवात कुठून करावी आणि घरच्या घरी सराव कसा करावा?

सॉफ्टवेअरचं सांगतेच, पण त्याआधी छापखान्यातलं काम कसं चालतं ते सांगते, कारण काय शिकायचं ते त्यावरून ठरतं. बाहेरून वाटतं की डीटीपीवाला पान लावतो आणि पान छापायला जातं. प्रत्यक्षात पान लागतं एकदा आणि दुरुस्त होतं पाच-सहा वेळा. संस्थेचे अध्यक्ष बदलतात, एक जाहिरात मधेच वाढते, कवी तिसऱ्या प्रुफात (तपासायला काढलेल्या प्रतीत) दोन कडवी घालतो, फोटो आदल्या रात्री येतो. दिवाळी अंकांच्या दिवसांत, किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागण्याआधीच्या पंधरवड्यात, दिवसभर नवी पानं कमी लागतात आणि दुरुस्त्याच जास्त चालतात. पहिलं पान अर्ध्या तासात देखणं करून दाखवणारे पुष्कळ भेटतात. बाराव्या पानावर एक परिच्छेद वाढला तरी पुढचं काही न विस्कटता दहा मिनिटांत फाईल परत देणारे कमी असतात, आणि छापखान्याला हवे असतात ते हे लोक. म्हणून जे काही शिकाल ते या एका कसोटीवर घासून बघा: उद्या दुरुस्ती आली तर हे टिकेल का?

आता सॉफ्टवेअर. पेजमेकर अल्डस कंपनीनं १९८५ साली आणलं. १९९४ मध्ये अल्डस अडोबीकडे गेली, २००१ मध्ये ७.० ही आवृत्ती आली आणि २००४ मध्ये अडोबीनं त्याचा विकास थांबवला. तरी आपल्याकडे ते अजून चालतं, कारण जुन्या पुस्तकांच्या फाइली त्यातच पडून आहेत आणि ऑपरेटरांचा हात त्यावर बसलेला आहे. त्याची खरी अडचण वयाची नाही. त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत, कळत नाही, ही अडचण आहे. त्यात मराठी चालते ती श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, आपापल्या सांकेतिक मांडणीच्या फॉन्टांवर. म्हणून पेजमेकर इतकंच शिका की जुनी फाईल उघडून, दुरुस्ती करून, प्रिंट काढता येईल. नवं काम त्यात सुरू करू नका.

कोरल ड्रॉ एका-दोन पानांच्या कामासाठी उत्तम: व्हिजिटिंग कार्ड, हॅन्डबिल, लग्नपत्रिका, फ्लेक्स. महाल-इतवारीतल्या लहान छापखान्यांचं रोजचं काम हेच असतं, म्हणून ते यायलाच हवं. पण कोरलमध्ये पुस्तक लावायला बसू नका. साठ पानांच्या कामात तिसऱ्या प्रुफाला हात टेकाल. अनेक पानांसाठी इनडिझाइन. ते १९९९ साली आलं, आज पुस्तकांचं आणि मासिकांचं बरंचसं काम त्यावर होतं. त्याला वर्गणी भरावी लागते. तेवढे पैसे आता नसतील तर चोरीची प्रत घेऊ नका, स्क्रायबस वापरा. ते मोफत आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट उमटतात. मास्टर पेज (प्रत्येक पानावर येणाऱ्या गोष्टींचं साचा-पान), स्टाइल (अक्षरांचं एकदा ठरवून ठेवलेलं रूप), जोडलेल्या चौकटी (एकीतून दुसरीत मजकूर वाहतो अशा) या कल्पना तिथेही याच आहेत. स्क्रायबसमध्ये पुस्तिका लावता आली तर इनडिझाइनवर हात बसायला फार वेळ लागत नाही, मेनूच्या जागा तेवढ्या शोधाव्या लागतात.

सरावाला एकच काम घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या. टूल्सची यादी पाठ करत बसू नका. माझं सुचवणं आहे सोळा पानांची घरच्या पाककृतींची पुस्तिका. वडाभात, पाटोडीचा रस्सा, सांबारवडी (सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर), तर्री-पोहे, आई-आजीकडून जे मिळेल ते. पाककृतीच का? तिच्यात शीर्षक आहे, साहित्याची यादी आहे, कृतीचे परिच्छेद आहेत, एखादी टीप आहे, फोटो आहे. छापखान्यात येणाऱ्या अहवालात, स्मरणिकेत, कार्यक्रमपत्रिकेत याहून वेगळं फारसं काही नसतं.

संगणक सुरू करण्याआधी डमी करा. ए-४ कागद घ्या, तीनदा अर्ध्यात दुमडा. आठ पाती, सोळा पानं झाली. न फाडता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा टाका आणि कागद उलगडा. १ च्या शेजारी १६ दिसेल, ४ च्या शेजारी १३, काही आकडे उलटे. शेजारच्या जोडीची बेरीज दर वेळी १७. हा झाला सोळा पानांचा फर्मा. पुस्तकाची पानं सोळाच्या किंवा निदान आठाच्या पटीत का बसवतात, आणि मधे टाचण मारायच्या पुस्तिकेत चारच्या पटीखेरीज पानं का चालत नाहीत, हे या कागदावरून जितकं कळतं तितकं पडद्यावर कळत नाही. पानांची ही उलटसुलट लावणी प्लेट काढताना प्रेसवाले करतात. तुम्ही पानं सरळ क्रमानं, एक-एक सुटी द्यायची.

आकार घ्या डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. १८ बाय २३ इंची कागदातून बरोबर एक फर्मा निघतो आणि चारी बाजूंनी कापायला जागा उरते. फाईल करताना समोरासमोरची पानं ठेवा. पहिलं पान उजवीकडे येईल, विषम आकडे कायम उजवीकडेच. आतला समास बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा कारण शिवणीत मजकूर जातो. सोळा पानांच्या टाचणीच्या पुस्तिकेला १५ मिमी पुरतो, जाड पुस्तकाला २० लागतो. रंग किंवा फोटो पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर कडेच्या बाहेर ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग, सोडा, आणि अक्षरं मात्र कडेपासून निदान ५ मिमी आत. कटिंग मशीनखाली कागदाचा गठ्ठा थोडा सरकतोच. ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते आणि ती कुठल्याही दुरुस्तीनं जात नाही, पुन्हा छापावं लागतं.

पृष्ठक्रमांक हातानं टाकू नका. तो मास्टर पेजवर एकदा, आपोआप येणारा म्हणून टाका. इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांत याला पॅरेंट पेज म्हणतात, गोष्ट तीच. वरची पट्टी, खालची रेघ, संस्थेचं नाव, जे जे प्रत्येक पानावर आहे ते सगळं तिथेच. पानं पुढे-मागे झाली तरी क्रमांक आपोआप बदलतात.

मजकूर पानात ओतण्याआधी मराठीची तयारी करा. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण इंग्रजीवर शिकवणाऱ्या व्हिडिओंत हे नसतं आणि नवी मुलं अडतात ती इथेच. इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर घेतला आणि ‘किती’ची वेलांटी क च्या पुढे जाऊन पडली, जोडाक्षरं सुटली, तर फॉन्ट खराब आहे असं समजू नका. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा, अक्षरं जागेवर येतात. आणि ही निवड पानापानावर करू नका, स्टाइलच्या आत करून ठेवा. कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करा. काही फॉन्टांत ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, आणि भाषा मराठी केली की आपल्या वळणाची अक्षरं येतात. फॉन्टसाठी सुरुवातीला ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. दोन्ही मोफत आहेत. ‘मुक्त’ साध्या, सरळ वळणाचा आहे. पुस्तकाच्या मजकुराला मला तिरो अधिक शोभतो.

गिऱ्हाईक मजकूर जुन्या फॉन्टात आणून देईल, तेव्हा तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घ्यावा लागतो. रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं नाही. रफार, ॲ, अवतरणचिन्हं आणि ‘ऱ्य’ या चार जागा हमखास तपासा. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या यांतला हा अर्धा र संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो. दिसायला सारखा, पण शोध दिला की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. प्रूफवाल्यानं सांगितलेला शब्द सगळीकडे बदलला असं तुम्हाला वाटतं आणि निम्मा तसाच छापून जातो. म्हणून मजकूर हातात आला की आधी शोधा-बदला वापरून हा र एकसारखा करून घ्या, मगच पान लावायला बसा. तुमचं टायपिंग रेमिंग्टन कळफलकावर झालं असेल तर काळजी नको, युनिकोडलाही ती मांडणी मिळते.

आता स्टाइल्स. चार पुरेत: पाककृतीचं नाव, साहित्य, कृती, टीप. प्रत्येकीत फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर, वर-खालची मोकळी जागा ठरवून टाका आणि त्यानंतर मजकुराला हातानं आकार द्यायचाच नाही अशी सवय लावा. ओळींचं अंतर देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. सॉफ्टवेअर आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर धरतं. ते रोमन अक्षरांना ठीक आहे, आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो. १२ पॉइंटाला १७ पासून सुरुवात करा. परीक्षा सोपी आहे: ‘स्फूर्ती’ हा शब्द एकाखाली एक चार ओळींत लिहा, पहिली आणि तिसरी ओळ एक अक्षर उजवीकडे सरकवून. वरच्या ओळीचा दीर्घ उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना चिकटले की अंतर अर्ध्या पॉइंटानं वाढवा. सुटे झाले की थांबा.

दोन परिच्छेदांत जागा हवी म्हणून दोनदा एंटर मारण्याची वर्डमधली सवय पहिल्या दिवसापासून मोडा. तुमच्या पुस्तिकेत बघाच काय होतं ते. सांबारवडीची कृती सातव्या पानाच्या तळाला संपते, खाली दोन रिकामे एंटर आहेत, पुढे पाटोडीचं शीर्षक. वर कुठेतरी एक ओळ वाढली की ते रिकामे एंटर आठव्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसतात आणि शीर्षक समासापासून दोन ओळी खाली उतरतं. हीच जागा शीर्षकाच्या स्टाइलमध्ये ‘आधीची जागा’ म्हणून दिलेली असेल तर शीर्षक चौकटीच्या माथ्यावर आल्यावर इनडिझाइन ती जागा धरतच नाही. शीर्षक बरोबर समासाला टेकतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. याच शीर्षकाला ‘पुढच्या दोन ओळींसोबत ठेवा’ हा पर्याय द्या, म्हणजे ते पानाच्या तळाशी एकटं अडकणार नाही.

साहित्याची यादी टॅबनं लावा. ‘सांबार’ आणि त्यापुढे ‘१ जुडी’, ‘बेसन’ आणि त्यापुढे ‘२ वाट्या’. स्पेस देऊन आकडे एका रेषेत आणायला जाल तर पडद्यावर जमल्यासारखं वाटेल, फॉन्ट बदलला की सगळी यादी वाकडी. टॅबची जागा स्टाइलमध्ये एकदा ठरवा. हवं तर मधे ठिपक्यांची ओळही तिथेच मिळते.

मजकूर ओतताना सोळा पानांच्या सोळा सुट्या चौकटी करू नका. सगळा मजकूर एका जोडलेल्या साखळीत हवा. इनडिझाइनमध्ये कंट्रोल-डी दाबून फाईल निवडा, आणि कर्सरवर मजकूर चढला की शिफ्ट दाबून पानावर क्लिक करा. लागतील तेवढी पानं आपोआप भरत जातात. चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह दिसलं तर मजकूर आत दडलेला आहे. ते चिन्ह असताना फाईल कधीच बाहेर जाऊ द्यायची नाही. पुस्तकातून शेवटचा परिच्छेद गायब होण्याचं नेहमीचं कारण ते.

ओळी दोन्ही कडांना भिडवाव्यात का? डेमीच्या पूर्ण रुंदीत चालतं. दोन स्तंभांत मात्र मराठीला ते मानवत नाही. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, ‘छापखान्यातल्यांसाठीसुद्धा’ असा एक शब्द ओळीत आला की उरलेल्या शब्दांत खड्डे पडतात. अरुंद स्तंभ डावीकडून लावा, उजवी कड मोकळी राहू द्या. अक्षरं आडवी दाबून ओळ बसवणं मला मुळीच पसंत नाही. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण डोळा तिथे अडखळतो.

फोटोंचं थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा: १० सेंटिमीटर रुंद छापायचा तर सुमारे ११८० पिक्सेल रुंदी हवी. फाईल आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाव बदलू नका, नाहीतर दुवा तुटतो. रंगीत काम सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात. मजकुराचा काळा मात्र फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. चार रंग मिळून झालेला काळा बारीक अक्षरांना दिला आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते.

पुस्तिका लागली की प्रिंट काढा. पडद्यावर न दिसलेली चूक कागदावर दिसते. उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा: कूलरच्या झोतात कागदाचं रीम उघडं ठेवू नका. कागद ओल धरतो, कडा लाटा खातात, लेझर प्रिंटरमध्ये अडकतो, आणि ऑफसेटला तर रंगांचा मेळच बसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण रीम त्याच्या वाऱ्यापासून दूर, वेष्टनात राहू द्या.

मग सरावाचा मुख्य भाग. घरातल्या कुणाला तरी प्रूफ द्या आणि सांगा, जमेल तेवढ्या दुरुस्त्या काढ. त्यात या तीन तुमच्या तुम्ही घाला. मधेच एक नवी पाककृती वाढवा. सगळ्या कृतींचा अक्षर-आकार १२ वरून साडेबारा करा. वडाभाताचा फोटो बदला. दुसरी दुरुस्ती स्टाइलमध्ये एका जागी करून सगळीकडे झाली तर तुमचा पाया बरोबर आहे. दोन-तीन जागा तशाच राहिल्या तर तिथे तुम्ही हातानं आकार दिलेला आहे. तो शोधा आणि काढा.

नवी पाककृती घातल्यावर बहुधा सतरावं पान उघडेल. छापखान्यात हे आठवड्यातून कितीदा तरी होतं, म्हणून उपाय क्रमानं सांगते. आधी बघा कुठल्या परिच्छेदाची शेवटची ओळ एकाच शब्दाची आहे. तिथे संपादकाला विचारून एक शब्द कमी केला की एक ओळ वाचते. अशा पाच-सहा ओळी निघतात. तेवढ्यानं भागलं नाही तर ओळींचं अंतर सगळ्या पुस्तिकेत १७ वरून १६.८ करा, स्फूर्तीची परीक्षा पुन्हा घेऊन. एकाच पानावर अंतर कमी करू नका. समोरासमोरच्या पानांच्या ओळी एका रेषेत आल्या नाहीत की पुस्तक उघडणाऱ्याला लगेच दिसतं. तरी बसत नसेल तर मालकाला सांगा की वीस पानं होतील. ते सांगायला संकोच करू नका, कागदाचा हिशेब त्यानं आधीच धरलेला असतो.

शेवटी पीडीएफ. फॉन्ट आत घातलेले, ब्लीड आणि कापण्याच्या खुणा दाखवलेल्या. ती दुसऱ्याच्या मशीनवर उघडून एकदा पान-पान बघा. मूळ फाईल जपताना पॅकेजची आज्ञा द्या, म्हणजे फोटो आणि जोडण्याजोगे फॉन्ट एका फोल्डरमध्ये येतात. पुढच्या वर्षी तीच स्मरणिका पुन्हा आली तर शोधाशोध होत नाही.

क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. निदान सोळा पानांचं एक काम सुरुवातीपासून छपाईपर्यंत करून घेता का? मराठी युनिकोडवर शिकवता का? आणि प्रूफ कागदावर काढून तपासता का? तिन्हींना हो नसेल तर ते पैसे पुस्तिकेच्या कागदावर आणि प्रिंटवर घाला. छापखान्यात जाताना छापलेली पुस्तिका आणि पेन ड्राइव्हवर तिची पॅकेज केलेली फाईल, दोन्ही सोबत न्या. मालक पुस्तिका चाळेल. ज्याच्या शेजारी तुम्हाला बसायचं आहे तो ऑपरेटर फाईल उघडून स्टाइल्सची यादी आणि मास्टर पेज बघेल.